उंट ई४ वर का गेला?

न्यूयॉर्क, ४ मे १९९७. बुद्धिबळाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव आणि आयबीएमचा बुद्धिबळ खेळणारा संगणक डीप ब्लू यांच्यातला दुसरा डाव. पांढरी मोहरी यंत्राकडे. छत्तिसाव्या चालीला समोर आयता फराळ मांडलेला: वजीर बी६ वर न्यायचा, एक-दोन प्यादी जवळपास फुकट. (पटावरच्या उभ्या पट्ट्यांना ए ते एच अशी अक्षरं आणि आडव्या ओळींना १ ते ८ असे आकडे असतात; त्यावरून घराचं नाव ठरतं.) त्या काळचे बुद्धिबळाचे संगणक खादाड म्हणूनच ओळखले जायचे. प्यादं दिसलं की मारलं. कास्पारोवचा अंदाजही तोच होता.

यंत्राने वजीर हलवलाच नाही. आधी प्याद्याची साधी मारामारी केली आणि पुढच्या चालीला उंट ई४ या घरात नेऊन ठेवला. बस्स, एवढंच. ना शह, ना कुठल्या मोहऱ्यावर हल्ला. पण ती चाल पाहून कास्पारोव हादरला. ही माणसाची चाल आहे असं त्याला वाटलं आणि पुढे त्याने तसा संशय उघडपणे बोलूनही दाखवला.

पटावर काय होतं ते जवळून पाहू. काळ्याचं एक प्यादं ई५ वर आणि त्याच्या मागे, डी६ वर, काळा उंट कोंडलेला. पांढऱ्या वजिराने प्यादी खायला सुरुवात केली असती, तर काळ्याने ते प्यादं एक घर पुढे, ई४ वर ढकललं असतं. प्यादं जाईना का! पण उंटाची तिरपी वाट मोकळी होऊन थेट पांढऱ्या राजाच्या दिशेने उघडली असती, रिकाम्या झालेल्या ई५ वर काळा वजीरही येऊ शकला असता. मरगळलेल्या काळ्या डावात जीव आला असता. पांढऱ्याने त्याच घरात उंट बसवून वाटच बुजवली.

हे यंत्राला ‘कळलं’ कसं? खरं तर कळलं वगैरे काही नाही. वजिराची चाल त्याचीही आधी आवडती होती. पण खोलवर शोध घेताना त्या चालीचे गुण घसरू लागले. असं झालं की ठरल्यापेक्षा जास्त वेळ घ्यायचा, अशी सोय त्यात करून ठेवली होती. तो वेळ त्याने वापरला आणि दुसरी चाल निवडली.

हा शोध म्हणजे आकड्यांचा डोंगर. डावाच्या सुरुवातीला पांढऱ्याला २० चाली शक्य असतात. दोघांची एकेक चाल झाली की ४०० शक्यता. चौथ्या चालीअखेर, म्हणजे दोघांच्या दोन-दोन चाली झाल्यावर, १,९७,२८१. डाव रंगात आला की दर वेळी सरासरी ३५ चाली धरतात. त्या हिशेबाने आठ चाली पुढचं पाहायचं तर सव्वादोन लाख कोटी स्थिती होतात. डीप ब्लू सेकंदाला २० कोटी स्थिती तपासू शकायचा, त्यासाठी ४८० खास चिप होत्या. तरी सरसकट सगळं बघायचं म्हटलं तर एका चालीला तीन तासांहून जास्त लागले असते.

म्हणून छाटणी. भाड्याने खोली बघायला गेलात आणि पाण्याची बोंब आहे हे कळलं, की गॅलरी कुठल्या दिशेला आहे हे तुम्ही विचारत नाही. हातात आधी पाहिलेली बरी खोली असेल तर मुळीच नाही. ही खोली नेमकी किती वाईट आहे, याच्याशी तुम्हाला काही देणंघेणं नसतं. अल्फा-बीटा छाटणीचं तत्त्व हेच: एखाद्या चालीला एकच चोख उत्तर सापडलं की ती चाल बाद, तिची बाकीची उत्तरं तपासायची गरज नाही. चांगल्या चाली आधी तपासल्या गेल्या तर सव्वादोन लाख कोटींचं काम ३० लाखांच्या आसपास येतं. वेग महत्त्वाचा होताच, पण माझ्या मते कमाल या छाटणीची. आणि ती अंदाजाने केलेली नसते. जितक्या चाली पुढचं पाहायचं ठरलंय, तिथपर्यंतचा निकाल छाटलेल्या चालींनी बदलणार नाही, हे गणिताने सिद्ध असतं.

शोध जिथे थांबतो तिथल्या स्थितीला गुण द्यायचे: राजा सुरक्षित आहे का, हत्तीला मोकळी पट्टी आहे का, अशा सुमारे ८,००० बाबी जोखून. आजची स्टॉकफिशसारखी इंजिनं, म्हणजे बुद्धिबळ खेळणारे प्रोग्राम, हे तोलण्याचं काम न्यूरल नेटवर्ककडे, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेल्या गणिती जाळ्याकडे देतात. शोध मात्र अजून त्याच जातीचा.

माणूस असं करूच शकत नाही. तो आकार ओळखतो आणि दोन-तीन चालींकडेच बघतो. बहुतेकदा ते पुरतं. पण नेहमीच नाही. २००६ मध्ये बॉनला, जगज्जेता व्लादिमीर क्रॅमनिक काळ्या मोहऱ्यांनी डीप फ्रिट्झ या प्रोग्रामविरुद्ध खेळत होता, आणि आपल्यावर एका चालीत मात होतेय हे त्याला दिसलंच नाही! पांढऱ्या वजिराला आधार देणारा घोडा एफ८ वर होता, आणि तिथे बसून मात द्यायला मदत करणारा घोडा क्वचितच दिसतो. इंजिनाला नेहमीचं काय, विचित्र काय, सगळं सारखंच.

पण पुन्हा न्यूयॉर्कला येऊ, कारण त्या डावाची खरी गंमत शेवटी आहे. पंचेचाळिसाव्या चालीला यंत्राने हत्ती ए६ वर आणला आणि कास्पारोवने हार मान्य केली. वजीर ई३ वर नेता आला असता. डी६ वरचा उंट खाऊ द्यायचा, मग पांढऱ्या राजाला शहावर शह देत राहायचं. त्या रात्रीच्या विश्लेषणात या वाटेने बरोबरी दिसली आणि दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यांनी त्याला हे सांगितलं. उंट ई४ वर नेणाऱ्या यंत्राने एवढी साधी गोष्ट पाहिलीच असणार, असं गृहीत धरून त्याने ती वाट नीट तपासलीच नव्हती. यंत्राने ती पाहिली नव्हती. शहांची ती माळ त्याच्या नजरेच्या टप्प्यापलीकडे जात होती, आणि आपण जिंकतोय असंच त्याचे गुण सांगत होते.