आडवा वारा आणि छोटी विमानं: हा धोका मुळात आला कुठून

छोटं विमान उतरताना रनवेवरून घसरलं, पंख घासला, की बातमीत "जोराचा आडवा वारा (म्हणजे रनवेला बाजूने येणारा) होता" एवढंच येतं आणि विषय संपतो. पण वारा काय, पहिल्या दिवसापासून आहेच. १७ डिसेंबर १९०३ ला राइट बंधूंनी वाऱ्याकडे तोंड करून चार उड्डाणं केली, आणि नंतर विमान जमिनीवर नुसतं उभं असताना वाऱ्याचा झोत आला, ते कोलमडत गेलं आणि मोडलं, परत कधी उडालंच नाही.

नंतरची बरीच वर्षं विमानतळ म्हणजे गवताचं मोठं मैदान. विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) बघायचा, वारा जिकडून येतोय तिकडे तोंड करायचं आणि उतरायचं, त्यामुळे आडव्या वाऱ्याचा प्रश्न फारसा यायचाच नाही. आपल्या जुहूला १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमानाने उतरले तेव्हा तिथेही पक्का रनवे नव्हता, पावसाळ्यात तर चिखलामुळे मुक्काम पुण्याला हलवावा लागायचा.

मग विमानं जड झाली, गवत आणि चिखल परवडेना, काँक्रीटच्या पट्ट्या आल्या आणि तिथेच घोळ झाला, कारण पट्टीची दिशा कायमची ठरली, वाऱ्याची थोडीच ठरते! दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये यावर उपाय म्हणून त्रिकोणात तीन रनवे बांधायचे, कुठला तरी एक वाऱ्याला बरा पडायचाच. आजही आंतरराष्ट्रीय शिफारस अशी आहे की रनवे अशा दिशेने हवेत की ९५ टक्के वेळ आडवा वारा मर्यादेत राहील, आणि सगळ्यात आखूड रनवेंसाठी ती मर्यादा आहे फक्त १० नॉट (एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किमी).

त्यात तेव्हाची बहुतेक छोटी विमानं शेपटीवर टेकणारी, म्हणजे दोन मुख्य चाकं पुढे आणि तिसरा टेकू शेपटीखाली. त्यांचं वजन मुख्य चाकांच्या मागे असतं, म्हणजे तळहातावर उभी काठी तोलण्यासारखा प्रकार, जरा तिरकं टेकलं की शेपूट पुढे यायला बघते आणि विमान गर्रकन फिरतं. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. १९३७ ला उडालेल्या एरकूप या छोट्या विमानात त्याचे रचनाकार फ्रेड वाइक यांनी नाकाखाली चाक (नोजव्हील) दिलं आणि रडरचे (नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या, शेपटीवरच्या उभ्या पट्टीचे) पेडलच काढून टाकले, तिरकं टेकलं तरी विमान आपोआप सरळ व्हायचं. मला ही कल्पना फार आवडते, कारण त्यांनी पायलटला दोष न देता विमान बदललं. १९५६ ला सेसना १७२ आलं तेही नोजव्हील घेऊनच, आणि कंपनीने त्या चाकांची जाहिरात लँड-ओ-मॅटिक म्हणून केली. आपल्याकडेही कितीतरी मुलं याच विमानावर शिकतात.

पण नोजव्हीलने चूक पोटात घातली म्हणून वारा कमी झाला नाही. १७२ च्या माहितीपुस्तकात आडव्या वाऱ्यासाठी १५ नॉटचा आकडा असतो, तो बऱ्याच जणांना मर्यादा वाटतो. खरं तर चाचणीत तेवढ्या वाऱ्यात उतरून दाखवलं एवढाच त्याचा अर्थ, आणि ते कसलेल्या टेस्ट पायलटने, नवख्या पोराने नव्हे.

६५ नॉटने येताना १५ नॉटचा आडवा वारा असेल तर विमानाचं नाक साधारण १३ अंश वाऱ्याकडे वळवावं लागतं, खेकड्यासारखं तिरकं यायचं, टेकायच्या आधी रडरने नाक सरळ, वाऱ्याकडचा पंख किंचित खाली, आधी त्या बाजूचं चाक टेकवायचं आणि मग दुसरं. इथवर जमतं हो, घात पुढे होतो, चाकं लागली की सुटलो असं वाटून हात सैल पडतो. वेग उतरतो तसा एलेरॉनचा (पंख वर-खाली करणाऱ्या, पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीचा) जोर कमी होतो, वारा मात्र तेवढाच असतो, तो शेपटीला ढकलतो, नाक वाऱ्याकडे फिरतं, वाऱ्याकडचा पंख उचलला जातो. म्हणून वेग कमी होईल तसा एलेरॉन वाऱ्याकडे वाढवत पूर्ण न्यायचा आणि विमान रनवे सोडून थांबेपर्यंत हात आणि पाय दोन्ही कंट्रोलवर ठेवायचे.