आधी थोडे भरा, मग मोठे घ्या: ईमेलच्या गंड्याची जुनी कुळकथा

ईमेलवरून गंडा घालण्याचा धंदा इंटरनेटने आणला, असा आपला समज. धंदा जुना आहे, नवे आहे ते फक्त टपाल. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या काळात तुरुंगातले कैदी बाहेरच्या श्रीमंतांना पत्रे धाडत. मी अमुक उमरावाचा नोकर, पळताना दागिन्यांची पेटी लपवली, थोडी मदत करा म्हणजे जागा सांगतो, असा मजकूर असे. शंभर पत्रांतल्या वीसांना हमखास उत्तर येई, असे विदोक या फ्रेंच पोलीस अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. स्वतः आधी चोर असलेला माणूस, त्याला ठाऊक असणारच.

1980च्या दशकात तेलाचे भाव कोसळले आणि नायजेरियातून हीच पत्रे नव्या वेषात निघाली. आधी टपालाने, मग फॅक्सने, पुढे ईमेलने. तिथल्या फौजदारी संहितेतल्या कलमावरून या प्रकाराला 419 म्हणू लागले, आपल्या जुन्या चारशेवीसच्या अगदी शेजारचे. भारतात त्यात रिझर्व्ह बँकेचे बोधचिन्ह आणि गव्हर्नरची सही आली: तुमचे कोट्यवधी रुपये आमच्याकडे जमा आहेत, प्रोसेसिंग फी भरा. वास्तविक रिझर्व्ह बँक सामान्य माणसाचे खातेच ठेवत नाही आणि परदेशी लॉटरीच्या तिकिटासाठी बाहेर पैसे धाडायला फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखालच्या नियमांनी बंदी आहे. कर्नाटकात 2007 पासून लॉटरी बंद. चंदगडच्या बाजूला उतरले की महाराष्ट्राची अजून चालू. त्यामुळे बेळगाव-खानापूरच्या माणसाला लॉटरी नवी नाही, पण तिकीट न काढता लागलेले बक्षीस तरी खटकायला हवे.

खोटा मेल ओळखायचा तर त्यातली भाषा बघा, असे नेहमी सांगतात. सीमाभागात हा सल्ला लंगडा पडतो. इथल्या मराठी माणसाचा शेताचा उतारा कन्नडमध्ये, बँकेचे पत्र इंग्रजीत. सरकारी कागद आपल्याला नीट न कळणाराच असतो, ही जन्माची सवय. मग वाकडेतिकडे इंग्रजी वाचून संशय यावा कसा? मायक्रोसॉफ्टचे संशोधक कॉरमॅक हर्ली यांनी तर 2012 मध्ये मांडले की पत्र अविश्वसनीय ठेवण्यात भामट्यांचा फायदाच असतो: शहाणे आपोआप गळतात, भोळे उरतात. आता यंत्रे स्वच्छ मराठीही लिहून देतात, म्हणजे तीही खूण गेली. पैसे आधी कोण मागतो, एवढीच खूण दोनशे वर्षे टिकली आहे.

लॉटरीच्या मेलला आता फारसे कोणी भुलत नाही. मोठे नुकसान होते ते व्यवहाराच्या मेलमध्ये, आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्री व मशीन शॉपवाल्यांनी खरी धास्ती घ्यावी ती याची. भामटा कोणाच्या तरी मेलबॉक्समध्ये शिरून गुपचूप वाचत बसतो. बिल द्यायची वेळ आली की मेल येतो: आमचे ऑडिट चालू आहे, या खेपेचे पेमेंट नव्या खात्यावर टाका. लोगो तोच, मालाचा तपशील तोच, रक्कमही पैशापर्यंत बरोबर. बदललेला असतो फक्त खाते नंबर. पाठवणाऱ्याचा पत्ता डोळे ताणून पाहिला तर इंग्रजी एमच्या जागी आर आणि एन चिकटून बसलेले दिसतात. पण खऱ्याच मेलबॉक्समधून मेल आला तर पत्ताही बरोबर असतो. अमेरिकेच्या एफबीआयकडे 2023 या एका वर्षात अशा फसवणुकीची सुमारे 2.9 अब्ज डॉलरची नोंद झाली.

याला उपाय फोनचा. खाते बदलल्याचा मेल आला की समोरच्याला फोन करायचा, तोही आपल्या डायरीतल्या जुन्या नंबरवर, मेलमध्ये दिलेल्या नव्हे. शेठजींच्या नावाने ‘तातडीने पाठव, मी मीटिंगमध्ये आहे’ असा मेल आला तरी हेच. मालकाला विचारायचा अकाउंटंटला संकोच वाटतो आणि भामटा त्या संकोचावरच पोट भरतो, म्हणून मालकाने ‘मला उठवून विचार’ असे आधीच सांगून ठेवावे.

मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्याने गावोगाव माजी सैनिक आहेत. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची गडबड असते, तेव्हा ‘पेन्शन थांबेल’ अशी धमकी लवकर लागू पडते. दाखल्यासाठी ओटीपी किंवा फी मागणाऱ्या मेलमधली लिंक उघडू नये, बँकेत जाऊन विचारावे.

पैसे गेलेच तर लाजेने दोन दिवस काढू नयेत. गेलेली रक्कम भराभर एका खात्यातून दुसऱ्यात फिरवली जाते. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवले तर ती वाटेत गोठवता येण्याची आशा असते. त्याच वेळी बँकेलाही सांगावे. मग मेल न पुसता, व्यवहाराच्या नंबरासह सीईएन, म्हणजे कर्नाटकातले सायबर गुन्ह्यांचे पोलीस स्थानक गाठावे.