न्योक्की

उकडलेला बटाटा आणि गव्हाचे पीठ एकत्र मळून, छोटे गोळे करून ते पाण्यात शिजवलेला इटालियन पदार्थ. ‘न्योक्की’ हे अनेकवचन. एक गोळा म्हणजे ‘न्योक्को’. रोमन अक्षरे पाहून अनेक जण ‘ग्नोची’ म्हणतात, ते चूक. इटालियनमधला ‘जीएन’ म्हणजे आपला ‘ञ’, आणि ‘सीएच’ म्हणजे ‘क’. एरवी बाराखडीत नुसता बसून असलेल्या ‘ञ’ला इथे काम मिळते.

नावाचा संबंध कुणी ‘नोक्क्यो’ (लाकडातली गाठ) या शब्दाशी जोडतात, तर कुणी ‘नोक्का’ (बोटाचा सांधा) या शब्दाशी. यावर फार वाद घालण्यात अर्थ नाही, कारण दोन्ही शब्द एकाच जर्मानिक कुळातले मानले जातात आणि ते लोंबार्ड या जर्मानिक टोळीच्या भाषेतून आले असावेत. हे लोक 568 मध्ये इटलीत उतरले व त्यांचे राज्य 774 पर्यंत टिकले. त्यांची भाषा पुढे नामशेष झाली. लोंबार्दिया हे प्रांताचे नाव आणि असे काही शब्द तेवढे उरले. इंग्रजीतला ‘नकल’ (बोटाचा सांधा) याच कुळातला.

नाव आकाराचे आहे, जिन्नसाचे नाही. बटाटा युरोपात पोहोचला सोळाव्या शतकात. त्याआधी हे गोळे पिठाचे किंवा शिळ्या पावाचे होत. रोमन पद्धतीची न्योक्की आजही रव्याच्या चकत्यांची असते. उत्तर इटलीतल्या एमिलिया भागातला ‘न्योक्को फ्रित्तो’ तर तळून टम्म फुगलेला पिठाचा तुकडा. त्यात बटाटा नाही आणि उकळतं पाणीही नाही.

बटाट्याच्या न्योक्कीसाठी गरम बटाटा कुस्करून, बेताचे पीठ घालून हलक्या हाताने मळतात. त्याच्या बोटाएवढ्या जाड वळ्या कापून प्रत्येक तुकडा काट्याच्या दात्यांवरून अंगठ्याने दाबत सरकवतात. एका बाजूला रेघा उमटतात, दुसऱ्या बाजूला खळगा पडतो. सॉस दोन्हीकडे धरून राहतो. पीठ जास्त झाले की गोळा चामट होतो. शिजलेला गोळा आपोआप पाण्यावर तरंगतो.

इटालियनमध्ये ‘न्योक्को’ म्हणजे ठोंब्यासुद्धा. इटालियन स्थलांतरितांमुळे हा शब्द अर्जेंटिनात ‘न्योकी’ झाला. तिथे दर महिन्याच्या 29 तारखेला, पगाराआधी खिसा रिकामा असताना, हा स्वस्त पदार्थ करतात आणि बरकतीसाठी ताटाखाली नोट ठेवतात. त्यावरून, कामावर न येता महिनाअखेरीस फक्त पगारापुरता उगवणारा सरकारी नोकरही तिथे ‘न्योकी’च.