सॉफ्टवेअरचं लायसन्स घेताय? कोणाला कोणतं मिळतं, कागद काय लागतात, बिलावर काय बघायचं

दुकान, वर्कशॉप, क्लासेस, सीएचं ऑफिस, सगळीकडे सॉफ्टवेअर घेतलं जातं पण बिल फाईलला लावताना त्यावर काय लिहिलंय ते फार कमी जण बघतात. आपण सॉफ्टवेअर विकत घेतो म्हणतो, खरं तर मिळतो तो फक्त वापरायचा हक्क. इन्स्टॉल करताना 'आय अ‍ॅग्री' दाबतो ना, तो मोठा मजकूर म्हणजेच तो करार, त्याला युला म्हणतात. अख्खा वाचायला वेळ नसतो हे मान्य, पण तीन गोष्टी शोधाच: किती कॉम्प्युटरवर चालेल, धंद्यासाठी चालेल का, आणि उद्या मशीन बदललं तर नवीनवर नेता येईल का.

आधी मुदत बघा. सबस्क्रिप्शन सोपं आहे, पैसे भरले तोवर चालणार. घोळ होतो तो परपेच्युअलमध्ये. परपेच्युअल लायसन्स कायमचं असतं, पण अपडेट कायम फुकट मिळतीलच असं नाही. हिशोबाच्या टॅलीचंच घ्या, लायसन्स कायमचं असलं तरी टीएसएस, म्हणजे अपडेट आणि ऑनलाइन सोयींची वर्गणी, दर वर्षी रिन्यू करावी लागते, ती संपली तर हिशोब लिहिणं चालू राहतं पण नवीन रिलीज मिळत नाही आणि ई-इनव्हॉइससारख्या ऑनलाइन सोयी थांबतात. शिवाय डीलर येऊन दुरुस्त करून देतो ती एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, वेगळीच. म्हणून कोटेशन मागतानाच लायसन्स, रिन्युअल आणि एएमसी अशा तीन किमती वेगळ्या लिहून मागा. टॅलीचं सिल्व्हर एका कॉम्प्युटरसाठी, गोल्ड लॅनवरच्या, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कवरच्या, अनेकांसाठी, तेव्हा दोन जण एन्ट्री करणार असतील तर आधीच सांगा.

विंडोजमध्ये बघायचे शब्द ओईएम, रिटेल आणि व्हॉल्यूम. ओईएम त्या मशीनसोबतच येतं आणि त्याच्यासोबतच जातं, मदरबोर्ड नवीन घातला तर सहसा तेही गेलं. रिटेल जुन्या मशीनवरून काढून नव्यावर टाकता येतं. व्हॉल्यूम संस्था, कंपन्यांसाठी असतं, आणि ऑनलाइन शे-पाचशेत 'की', म्हणजे अ‍ॅक्टिव्हेट करायचा कोड, विकतात ना, त्यात अशा दुसऱ्याच कुणाच्या व्हॉल्यूमच्या की असू शकतात, आज अ‍ॅक्टिव्हेट झाली तरी पुढे ब्लॉक होऊ शकते. आपलं कोणतं आहे ते दोन मिनिटांत कळतं: विंडोज आणि आर बटण एकत्र दाबा, एस-एल-एम-जी-आर, स्पेस, स्लॅश, डी-एल-आय टाईप करा, एंटर. छोटी विंडो येते, त्यात चॅनेल, म्हणजे या तिन्हींपैकी कोणतं, ते लिहिलेलं असतं. सेकंडहँड पीसी घेताना विकणाऱ्यासमोरच हे करा.

आता पात्रता. विद्यार्थ्यांना ऑटोडेस्क ही कंपनी ड्रॉइंगच्या ऑटोकॅडसकट बरीच सॉफ्टवेअर एक वर्षासाठी फुकट देतं आणि शिकत असाल तर पुन्हा रिन्यू करता येतं. कागद असा हवा की ज्यावर तुमचं नाव, कॉलेजचं नाव आणि चालू वर्षाची तारीख तिन्ही दिसतील. आयकार्डावर वर्ष नसेल तर फीची पावती किंवा ऑफिसमधून बोनाफाईड घ्या. आपल्याकडे कार्डावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं असतं, तेव्हा अकाउंट उघडताना नाव कागदाशी जुळतंय का तेवढं बघा. आणि या लायसन्सवर क्लायंटची ड्रॉइंग करून पैसे घेता येत नाहीत. 'फ्री फॉर पर्सनल यूज' लिहिलेलं असतं तेही असंच, घरी चालतं, ऑफिसात नाही. लिब्रेऑफिससारखं ओपन सोर्स मात्र दुकानातही बिनधास्त वापरा.

धंद्यासाठी घेताना फर्मचं जीएसटीवरचं नाव जसंच्या तसं, जीएसटी नंबर, पत्ता, मोबाईल आणि ईमेल एवढं लागतं. नंबर चुकला तर १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट अडकतं. बिलावर एडिशन, युजर किती, मुदत आणि सीरियल नंबर असलाच पाहिजे, नुसतं 'सॉफ्टवेअर १ नग' लिहिलेलं बिल घेऊ नका. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर अजून एक, १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल, म्हणजे कोणी कधी काय बदललं याची नोंद, लागतेच.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ईमेल. घाईत डीलर स्वतःचा टाकतो किंवा अकाउंटंटचा जीमेल दिला जातो, आणि तो माणूस नोकरी सोडून गेला की अनलॉक की, रिन्युअलची आठवण, पासवर्ड रीसेट सगळं त्याच्याकडे जातं. पैसे तुमचे पण सातबारा दुसऱ्याच्या नावावर, अशी गत होते. मग कंपनीकडे लेटरहेडवर अर्ज, मूळ बिल, मालकाचं ओळखपत्र वगैरे देत बसावं लागू शकतं. फर्मच्या नावाचा एक वेगळा ईमेल काढा, त्याला मालकाचा मोबाईल जोडा, सगळी लायसन्स त्यावरच घ्या.

मशीन फॉरमॅट करण्याआधी लायसन्स सरेंडर करायचं, म्हणजे त्या मशीनवरून सोडवून घ्यायचं. टॅलीप्राइममध्ये एफ१, सेटिंग्ज, लायसन्स, सरेंडर. टेक्निशियनला मशीन देण्याआधी हे आणि डेटाचा बॅकअप दोन्ही स्वतः उभं राहून करून घ्या, कारण त्याला हे माहीत असेलच असं नाही आणि नंतर लायसन्स रीसेट करून घ्यायला पुन्हा तोच ईमेल लागतो.

क्रॅकचं म्हणाल तर कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ब: माहीत असून पायरेटेड सॉफ्टवेअर वापरलं तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. आपल्या अधिकृत सॉफ्टवेअरची बॅकअप कॉपी ठेवायला मात्र कायदा परवानगी देतो.

माहितीपत्रकात दोनच ठिकाणी बोट ठेवा, सिस्टिम रिक्वायरमेंट आणि एंड ऑफ सपोर्ट. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.०, म्हणजे कॉम्प्युटरमधली सुरक्षेची सोय, लागतं, त्यामुळे जुन्या पीसीसाठी नवीन लायसन्सचे पैसे भरण्याआधी तो पीसी त्यात बसतो का ते तपासून घ्या.