नार्सिसिझम: यादीतून जाता जाता राहिलेलं निदान

तळ्यात स्वतःला बघत बसलेल्या नार्सिसस या ग्रीक पोराची गोष्ट सगळ्यांना माहितीये, ती सोडून देऊ. नार्सिसिझम म्हणजे आज आपण म्हणतो तो स्वतःच्या मोठेपणाचा आणि कौतुकाच्या भुकेचा अतिरेक, पण १८९८-९९ला हा शब्द मानसशास्त्रात आला तो लैंगिक अर्थानं, स्वतःच्याच शरीरावर भाळणं असा. मराठीतल्या 'आत्मरती'ला तोच जुना वास आहे, म्हणून मला तो आज पटत नाही. फ्रॉइडच्या १९१४च्या व्हिएन्नातल्या निबंधानं हे प्रत्येकातच थोडंफार असतं असं मांडलं.

खरी गंमत सत्तरच्या दशकात. १९७१ला शिकागोतला एक मनोविश्लेषक, हाइन्झ कोहुट, म्हणाला की लहानपणी कौतुकानं बघणारे डोळेच मिळाले नाहीत, म्हणून माणूस थेरपिस्टकडे ते मागतो, तर आधी ती भूक समजून घ्या. १९७५ला दुसऱ्यानं, ऑटो केर्नबर्गनं, उलट सांगितलं, हा मोठेपणा म्हणजे आतला राग आणि मत्सर झाकायचं पांघरूण, ते थेरपीत उघडं करायलाच हवं. मी पहिल्याच्या बाजूचा, पण दोघांमुळेच १९८०ला मानसिक आजारांच्या अमेरिकन निदान-पुस्तिकेत (DSM) हा व्यक्तिमत्त्व विकार म्हणून आला हे मान्य.

आणि मग २०१०. त्याच पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीचा मसुदा आला, दहा व्यक्तिमत्त्व विकारांतले पाचच ठेवलेले आणि नार्सिसिझम गायब! कारण काय, तर संशोधन कमी, बाकीच्या विकारांशी लक्षणं फार मिसळतात. पण संशोधन कमी म्हणून त्रास कमी असं कसं होईल? शिवाय पुस्तिकेतली १९९४ची नऊ लक्षणांची यादी (पाच जुळली की निदान) मुख्यतः बढाईखोर माणूसच पकडते, आतून लाजेनं पोखरलेला, जराशा टीकेनं कोसळणारा तिच्यात नीट बसतच नाही, म्हणजे दोष यादीचा होता आणि शिक्षा पेशंटला. रोज पेशंट बघणाऱ्यांनी जोरदार विरोध केला, २०११च्या सुधारित मसुद्यात नाव परत आलं, आणि २०१२च्या डिसेंबरात तर जुने दहाच्या दहा विकार जसेच्या तसे ठेवायचं ठरलं. मसुद्यातलं नवं मॉडेल गेलं पुस्तिकेच्या मागच्या भागात, पर्यायी म्हणून. म्हणजे नाव वाचलं पण १९९४ची लक्षणांची यादी तशीच राहिली, त्या लाजणाऱ्या माणसाला काहीच मिळालं नाही.

तिकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय रोग-वर्गीकरणात (ICD-11) व्यक्तिमत्त्व विकार किती तीव्र ते आधी बघतात, मग स्वभावाचे पैलू, त्यामुळे नार्सिसिझम नावाचा वेगळा रकानाच नाही.