मिसिसिपीत मतदार यादीत नाव कसं लागायचं (१९५५ ते १९६५) : पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज अडायच्या जागा

वंशावरून मताधिकार नाकारता येणार नाही, असं अमेरिकेची पंधरावी घटनादुरुस्ती १८७० पासून सांगत होती. म्हणून अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्याच्या नियमांत काळ्या माणसाला उघड मनाई नव्हती. मेख अर्जात होती.

पात्रता : वय २१ पूर्ण. राज्यात दोन वर्षं आणि मतदान विभागात एक वर्ष वास्तव्य. चोरी, लाच, खोटी शपथ अशा ठरावीक गुन्ह्यांत शिक्षा झालेली नको. नोंदणी निवडणुकीच्या चार महिने आधी. ज्यांचं नाव १ जानेवारी १९५४ पूर्वी लागलं होतं, त्यांना खाली सांगितलेली नवी लेखी परीक्षा माफ. तोवर बहुतेक गोरे यादीत आलेले होते, तेव्हा ही माफी कुणासाठी होती ते उघड आहे.

अर्ज : काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) कोर्टात सर्किट क्लार्कसमोर, म्हणजे नोंदणी करणाऱ्या कोर्टाच्या अधिकाऱ्यासमोर, स्वतःच्या हातानं, कुणाची मदत न घेता भरायचा. प्रश्न २१. त्यातला ‘नोकरी कुणाकडे करता?’ हा दिसायला साधा, पण मालकापर्यंत बातमी पोचवणारा. पुढे क्लार्क मिसिसिपी राज्याच्या स्वतःच्या घटनेतलं एक कलम नेमून देई. ते उतरवून काढायचं, त्याचा अर्थ लिहायचा, मग नागरिकाच्या कर्तव्यांवर लिहायचं. कलमं २८५, कुणाला एका ओळीचं द्यायचं आणि कुणाला करांचं किचकट द्यायचं, हे क्लार्कच्या मर्जीवर. उत्तर बरोबर की चूक, तेही तोच ठरवी.

१९६२ पासून अर्जदाराचं नाव दोन आठवडे वर्तमानपत्रात छापलं जाई आणि कुणीही मतदार त्याच्या चारित्र्यावर हरकत घेऊ शके. एखादी सही राहिली तरी अर्ज बाद. बाद का झाला, हे सांगायलाही बंदी : कारण सांगणं म्हणजे मदत केल्यासारखं होईल, असा तर्क!

डोईपट्टीच्या पावत्या : यादीत नाव लागलं म्हणजे मत देता आलं, असं नव्हे. वर्षाला दोन डॉलर डोईपट्टी (मत देण्यासाठी माणशी भरायचा कर), आणि मागच्या दोन वर्षांच्या पावत्या हव्यात. वसुली शेरीफकडे, म्हणजे पोलिसांच्या दारात जाऊन पैसे भरायचे.

मिसिसिपीतल्या काळ्या शेतमजूर, पुढे मताधिकार चळवळीतल्या कार्यकर्त्या झालेल्या फॅनी लू हेमर ३१ ऑगस्ट १९६२ रोजी इंडियानोला गावच्या कोर्टात गेल्या, नापास झाल्या, आणि त्याच दिवशी १८ वर्षं राबलेला मळा त्यांना सोडावा लागला. जानेवारी १९६३ मध्ये नाव लागलं. मत द्यायला गेल्या, तर दोन पावत्या नव्हत्या.

बदल : केंद्रीय निवडणुकांतली डोईपट्टी जानेवारी १९६४ मध्ये घटनादुरुस्तीनं गेली, राज्याच्या निवडणुकांतली १९६६ मध्ये न्यायालयामुळे. ६ ऑगस्ट १९६५ च्या मताधिकार कायद्यानं परीक्षा स्थगित केली आणि अडेल काउंट्यांत नावं नोंदवायला केंद्राचे तपासनीस बसवले. मिसिसिपीत नोंदणी झालेल्या काळ्या प्रौढांचं प्रमाण ६.७ टक्क्यांवरून १९६७ पर्यंत ५९.८ टक्क्यांवर गेलं. तपासनीसासमोर कलम उतरवायचं नव्हतं. लिहिता येत नसलं तरी नाव लागत असे.