टर्मिनेटिंगमध्ये अडकलेला पॉड

कुबरनेटिस म्हणजे कंटेनरमधली (वेगळ्या बंदिस्त जागेत चालणारी) ॲप्स अनेक मशिनवर चालवणारी प्रणाली, आणि पॉड म्हणजे तिच्यातला एक किंवा अधिक कंटेनरांचा गट. कुबरनेटिस क्लस्टरमध्ये डिलीटची कमांड दिल्यावरही यादीतून न हलणारा, तासन्‌तास ‘टर्मिनेटिंग’ दाखवत राहणारा पॉड हा इथला विषय.

पॉड डिलीट केला की एपीआय सर्व्हर (क्लस्टरच्या सगळ्या नोंदी सांभाळणारा भाग) त्याच्या नोंदीवर डिलीशन टाइमस्टॅम्प टाकतो, एवढेच. पुढचे काम नोडवरच्या (पॉड ज्या मशिनवर चालतो तिथल्या) क्युबलेट या एजंटचे: प्रीस्टॉप हुक (थांबण्याआधी चालवायची कमांड) असल्यास तो चालवायचा, कंटेनरमधल्या मुख्य प्रोसेसला सिगटर्म (थांबण्याची विनंती) पाठवायचा आणि मुदत संपली की सिगकिल (सक्तीने मारणे). ही मुदत (ग्रेस पीरियड) वेगळी दिली नसेल तर 30 सेकंद असते. हुकला लागणारा वेळही तिच्यातच धरतात. सगळे थांबल्याचे क्युबलेटने कळवले आणि नोंदीवर एकही फायनलायझर (साफसफाई होईपर्यंत नोंद पुसू न देणारी खूण) उरला नाही, तरच पॉड जातो. त्यामुळे शोधायचे ते एवढेच, की पोच कोणाकडून यायची राहिली आहे.

संशय बहुधा आधी ॲपवर जातो, पण सिगटर्मला दाद न देणारे ॲप फार तर मुदतभर रेंगाळते. म्हणून पहिली नजर नोडवर टाकावी. नोड ‘नॉट रेडी’ असेल तर क्युबलेटची पोच येणारच नाही. अशा नोडवरचे पॉड साधारण 5 मिनिटांनी आपोआप डिलीटसाठी खुणावले जातात आणि तसेच लटकतात. नोड ठीक असेल तर पॉडचे पूर्ण यामल (नोंदीचा मजकूर) काढून फायनलायझर पाहावेत. ते काढणारा कंट्रोलरच (क्लस्टरमध्ये अशी कामे करणारा प्रोग्रॅम) बंद किंवा अनइन्स्टॉल झालेला असू शकतो. फायनलायझर हाताने काढता येतो, मात्र त्याच्यावर सोपवलेली साफसफाई मग आपल्या गळ्यात पडते.

स्टोरेजची भानगड सर्वांत चिवट. एनएफएस (नेटवर्कवरून फाइली पुरवणारा) सर्व्हर गायब झाला की त्यावर वाचन-लेखन करणारी प्रोसेस कर्नलमध्येच अडकू शकते. नोडवर पीएस (प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) चालवले तर तिच्यापुढे ‘डी’ ही स्थिती दिसते, आणि सिगकिलही तिला हलवत नाही. स्टोरेज परत आणावे, नाहीतर नोड रीस्टार्ट करावा.

ग्रेस पीरियड शून्य करून फोर्स डिलीट करणे हा सर्रास वापरला जाणारा आणि सर्रास चुकीचा समजला जाणारा उपाय आहे. त्याने नोंद पुसली जाते. प्रोसेस मेल्याची हमी मिळत नाही. फायनलायझर असेल तर नोंदही जात नाही. स्टेटफुलसेटमध्ये (ठरलेली नावे आणि स्वतःचा डेटा असलेल्या पॉडांचा संच) त्याच नावाचा पॉड लगेच दुसरीकडे उभा राहतो आणि जुना अजून जिवंत असेल तर दोघे मिळून डेटाची वाट लावतात. नोड खरोखरच बंद पडला असेल तर त्याला ‘आउट ऑफ सर्व्हिस’ टेंट (नोडवर लावायची खूण) लावावा. ही सोय कुबरनेटिसच्या 1.28 आवृत्तीपासून स्थिर असून तिने पॉड हटतात आणि व्हॉल्यूमही (पॉडला जोडलेले स्टोरेज) सुटतात. मशिन बंद असल्याची खात्री मात्र टेंट लावण्याआधी करून घ्यावी लागते, आणि नोड परत आल्यावर टेंट हातानेच काढावा लागतो.